उपग्रहनियंत्रित वारंवारता प्रमाणक

उपग्रहनियंत्रित वारंवारता प्रमाणक : दिशादर्शक उपग्रहांकडून मिळणाऱ्या वेळेच्या खुणेशी क्रिस्टल ऑसिलेटर (स्फटिकाच्या कंपनांवरून ठरावीक वारंवारता देणारे मंडळ) सतत ताडून पाहणारे आणि त्याची वारंवारता, बहुधा १० मेगाहर्ट्झ, दुरुस्त करत ठेवणारे उपकरण. हौशी रेडिओवाले त्याला ‘जीपीएसडीओ’ म्हणतात. घरच्या कार्यशाळेतील वारंवारता मोजणारे काउंटर तपासण्यासाठी ते लागते, आणि मायक्रोवेव्ह पट्ट्यांवर तर त्यावाचून चालत नाही. भारतातूनही ज्याचे संकेत मिळतात त्या क्यूओ-१०० या भूस्थिर हॅम (हौशी रेडिओच्या) उपग्रहाचे उदाहरण घेता येईल. त्याचे संकेत १०,४८९ मेगाहर्ट्झच्या आसपास येतात. डिशवरील एलएनबीच्या, म्हणजे आलेला संकेत कमी वारंवारतेवर उतरवणाऱ्या भागाच्या, साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत १ इतका फरक पडला, तरी ९,७५० मेगाहर्ट्झच्या अंतर्गत वारंवारतेवर तो ९,७५० हर्ट्झ होतो आणि जेमतेम २,७०० हर्ट्झ रुंदीचे संभाषण हातातून निसटते.

मोबाइलच्या सीडीएमए या जुन्या पद्धतीच्या मनोऱ्यांना परस्परांशी काटेकोर वेळ जुळवावी लागे, म्हणून त्यांत असे प्रमाणक बसवलेले असत. मनोरे बदलले तसे हे संच भंगारबाजारात आले आणि प्रयोगशाळेच्या तोडीची वारंवारता सामान्य हौशी माणसाच्या टेबलावर पोचली. स्वतः बांधणाऱ्यांसाठी ब्रुक्स शेरा यांनी जुलै १९९८ च्या ‘क्यूएसटी’ या हौशी रेडिओच्या मासिकात दिलेली रचना फार उपयोगी ठरली. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळली जाणारी चूक बंद केली आणि त्याच संचांची कामगिरी लक्षणीय सुधारली.

या उपकरणात दोन भिन्न स्वभावांच्या घड्याळांची सांगड असते. उपग्रहांवर सिझियम व रुबिडियमची अणुघड्याळे असतात आणि जमिनीवरून त्यांवर सतत देखरेख चालते, त्यामुळे दीर्घकाळाचा हिशेब चुकत नाही. परंतु रिसीव्हरने दर सेकंदाला दिलेला ठोका सुमारे १० नॅनोसेकंद मागेपुढे होतो. एका सेकंदात मोजल्यास ही चूक १० कोटींत १ भाग पडते, १,००० सेकंदांत १० हजार कोटींत १ आणि पूर्ण दिवसात सुमारे ८ लाख कोटींत १. उष्ण कोष्ठातील चांगल्या क्रिस्टलचे, म्हणजे ‘ओसीएक्सओ’चे, वागणे उलट असते. एका सेकंदात तो १० हजार कोटींत १ पेक्षाही कमी ढळतो, पण वयोमानाने दिवसाला १ हजार कोटींत १ या बेताने सरकत राहतो. डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या ॲलन विचलनाच्या (वेगवेगळ्या कालावधींत वारंवारता किती ढळते याच्या मापाच्या) आलेखावर या दोघांच्या रेषा काही शे ते काही हजार सेकंदांच्या दरम्यान एकमेकींना छेदतात. स्थिरतेचा सारा प्रश्न या छेदनबिंदूपाशी येऊन ठेपतो.

नियंत्रक मंडळाचा कालस्थिरांक, म्हणजे ते किती वेळाच्या सरासरीवरून क्रिस्टल दुरुस्त करते तो आकडा, त्या बिंदूच्या जवळ ठेवावा लागतो. तो फार लहान ठेवला, तर ठोक्यातील थरथर क्रिस्टलमध्ये उतरते आणि उत्तम ओसीएक्सओ मोकळा असताना होता त्यापेक्षा वाईट होतो. फार मोठा ठेवला, तर खोलीच्या तापमानाने झालेला ढळ वेळेत भरून निघत नाही. कित्येक हौशी बांधण्यांत नेमकी पहिली चूक होते, कारण घट्ट पकडलेला संच पटकन ‘लॉक’ (वारंवारता जुळल्याची खूण) दाखवतो आणि तो हिरवा दिवा पाहून समाधान होते. दुरुस्तीची पायरीही पुरेशी बारीक हवी. क्रिस्टल एकूण ५० लाखांत १ इतका हलवता येत असेल, तर त्याला नियंत्रण व्होल्टेज देणाऱ्या १६ बिटांच्या रूपांतरकाची एक पायरी सुमारे ३३ हजार कोटींत १ पडते, आणि एवढी पायरी चांगल्या क्रिस्टलला जाणवू शकते.

ठोक्याची थरथर सर्वस्वी यादृच्छिक नसते. अंतर्गत घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचे असेल, तर रिसीव्हरला ठोका २१ नॅनोसेकंदांच्या खाचांवरच ठेवता येतो, त्यामुळे चुकीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. कधी कधी तो एकाच बाजूला कित्येक सेकंद रेंगाळतो आणि मग सरासरी काढूनही चूक जात नाही. वेळेसाठीच बनवलेले रिसीव्हर पुढच्या ठोक्यातील ही चूक आकड्यात कळवतात; तो आकडा वजा करणे हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय होय. काही स्वस्त रिसीव्हरांकडून थेट १० मेगाहर्ट्झ मागता येते, पण ४८ ला १० ने भाग जात नाही. त्यामुळे चार आवर्तने पाच-पाच खाचांची आणि पाचवे चारच खाचांचे अशी लंगडी चाल निघते. सरासरी अचूक असली, तरी मायक्रोवेव्हवर गुणून नेल्यास हा संकेत अस्वच्छ ठरतो.

ॲंटेनाची जागा महत्त्वाची आहे. शेजारच्या इमारतीवरून परावर्तित झालेले संकेत ठोका सरकवतात. उपग्रहांची मांडणी २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा तशीच येत असल्याने ही चूक रोज चार मिनिटे आधी हजर होते, आणि तेवढ्यावरून ती ओळखता येते. आयनावरणाचा परिणाम दिवस-रात्रीच्या चक्राने येतो. विषुववृत्ताजवळच्या आपल्या अक्षांशांवर तो अधिक असतो आणि सूर्यास्तानंतर संकेत लुकलुकतातही. बारा तासांत २० नॅनोसेकंदांचा फरक पडला, तर सुमारे २ लाख कोटींत १ इतकी चूक उरते. एकाच पट्ट्यावर चालणाऱ्या रिसीव्हरात ती सरासरीने जाण्यासाठी पूर्ण दिवस लागतो. ॲंटेनाचे स्थान एकदा नीट मोजून कायम केल्यास मात्र रिसीव्हरला फक्त वेळच काढायची उरते आणि ठोका स्पष्टपणे शांत होतो.

घरातील हवाही दुर्लक्षिण्याजोगी नाही. छताचा पंखा सुरू होताच उघड्या ओसीएक्सओच्या नियंत्रण व्होल्टेजची रेषा वळलेली दिसते. वर थर्माकोलचे खोके पालथे घातले, तर हेच वळण मंद होते आणि नियंत्रकाला ते सावरता येते. उपग्रह दिसेनासे होणे आणि वीज जाणे या दोन वेगळ्या आपत्ती आहेत. पहिल्या आपत्तीत, वर दिलेल्या वयोमानाच्या दराने, दिवसाअखेर सुमारे ४ मायक्रोसेकंद चूक साठते. दुसरीत कोष्ठ थंड पडतो आणि पुन्हा तापल्यावर क्रिस्टल नेमका जुन्या वारंवारतेवर परत येत नाही. म्हणून भारनियमनाच्या भागात बॅटरीची सोय आधी करावी.

प्रमाणकाची स्थिरता त्याच्या स्वतःच्या पडद्यावरून ठरवता येत नाही, कारण तो स्वतःला ज्या ठोक्याशी ताडतो त्याच ठोक्याची चूक त्याला दिसत नाही. एकाच ॲंटेनावरचे दोन संचही सामायिक चुकांबाबत एकमेकांची खोटी ग्वाही देतात. उपग्रहांशी न जोडता मोकळा सोडलेला रुबिडियम प्रमाणक किंवा दुसरा चांगला ओसीएक्सओ मिळाल्यास तीन उपकरणे दोन-दोन करून परस्परांशी ताडता येतात आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता येतो. अशी नोंद किमान काही दिवस सलग ठेवावी लागते.