पार्श्वभूमी : जर्मन कीबोर्ड जुळवताना ‘आयएसओ’ या शब्दाचा गुंता

‘आयएसओ-डीई’ (‘डीई’ म्हणजे जर्मन) असं लिहून कीबोर्डचे सुटे भाग मागवले, तरी पार्सलमधून नेमकं काय निघेल ते त्या दोन शब्दांवरून कळत नाही. कुणाला मोठ्या एंटरची जागा असलेली प्लेट (स्विच धरून ठेवणारी पट्टी) मिळते, पण कीकॅपवर, म्हणजे कळीवरच्या टोपीवर, खुणा ब्रिटिश असतात. कुणाकडे उम्लाउट (वर दोन टिंबं असलेली जर्मन अक्षरं Ä, Ö, Ü) छापलेल्या कीकॅप असतात, पण पीसीबीवर (आतल्या सर्किट बोर्डावर) एका स्विचची, म्हणजे कळीखालच्या यांत्रिक बटणाची, जागाच नसते. जर्मन मांडणीचा कीबोर्ड स्वतः जुळवणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ ‘आयएसओ’ या एका शब्दात आहे.

‘मांडणी’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलत असतो. पहिली म्हणजे कळांचे आकार आणि जागा. दुसरी, कीकॅपवर छापलेलं अक्षर. तिसरी, कळ दाबल्यावर संगणक काय उमटवतो. छंदी लोकांच्या भाषेत ‘आयएसओ’ म्हणजे फक्त पहिली गोष्ट: दोन ओळी उंच एंटर, सव्वा युनिटचा आखूड डावा शिफ्ट आणि त्याच्या शेजारी एक जादा कळ. अमेरिकी ‘अँसी’ रचनेत एंटर आडवा असतो आणि डावा शिफ्ट सव्वादोन युनिटचा. एक युनिट म्हणजे १९.०५ मिलीमीटर. साठ टक्के आकाराच्या (अंकांचा गट आणि वरची एफ-कळांची ओळ नसलेल्या) बोर्डावर हिशोब सोपा आहे: अँसीच्या ६१ कळा, आयएसओच्या ६२.

हे नाव आलं ते आयएसओ ९९९५ या मानकमालिकेवरून. जर्मन अक्षरं कुठे असावीत हे मात्र त्या मालिकेत नाही. ते डीआयएन २१३७ या वेगळ्या राष्ट्रीय मानकात आहे. म्हणजे ‘आयएसओ’ म्हटल्याने सांगाडा ठरतो, भाषा ठरत नाही. ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन, स्वीडिश सगळे याच सांगाड्यावर बसतात. विक्रेते एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

तिसऱ्या गोष्टीबद्दलचा गैरसमज आणखी खोल आहे. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, जागेचा क्रमांक पाठवतो. यूएसबीच्या तक्त्यात अमेरिकी वायच्या जागेचा क्रमांक २८ आहे. जर्मन बोर्डावर त्या कळीवर झेड छापलेला असतो, पण तारेतून जातो तो २८च. त्याचा झेड करते ती ऑपरेटिंग सिस्टीम. खुल्या फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जर्मन कळांची नावं असलेली फाइल मिळते, पण ती नुसती टोपणनावं आहेत. ‘जर्मन झेड’ लिहिलं की आत अमेरिकी वायचाच क्रमांक निघतो. संगणकावर इंग्रजी मांडणी ठेवून फर्मवेअर मात्र जर्मन केलं, तर झेड-वाय उलटे येतात आणि उम्लाउट येतच नाहीत.

इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी वापरणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जर्मनीत राहून जर्मन कीबोर्डावर इनस्क्रिप्ट लावलं, तरी प्रत्येक अक्षर आपल्या जागी असतं. झेड छापलेल्या कळीवर ‘ब’ येतो, यू-उम्लाउटवर ‘ड’, ओ-उम्लाउटवर ‘च’, ए-उम्लाउटवर ‘ट’. बोटांना जागा ठाऊक असते, छापलेलं अक्षर कुणी बघत नाही.

भारतातून नेलेल्या अमेरिकी रचनेच्या लॅपटॉपवर जर्मन मांडणी निवडली, की उलट अनुभव येतो. बाकी सगळं सापडतं, पण <, > आणि | ही तीन चिन्हं कुठेच सापडत नाहीत. ती तिन्ही डाव्या शिफ्टशेजारच्या त्या जादा कळीवर असतात, आणि ती कळ या यंत्रावर नसतेच. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याचं याविना चालत नाही. यूएसबीच्या तक्त्यात या कळीचा क्रमांक १०० आहे आणि तिच्या नावातच ती ‘अमेरिकेबाहेरची’ असल्याची नोंद आहे. एंटरला खेटून असलेली # ची कळ, क्रमांक ५०, हिचंही तसंच. जगातला मोठा भाग रोज वापरतो त्या कळांची ओळख ‘अपवाद’ अशी लिहिली गेली, आणि पुढचा सगळा इतिहास त्याच वळणावर गेला.

जुना काळ थोडक्यात. टाइपरायटर जर्मनीत रुळले तेव्हाच झेड आणि वाय यांची अदलाबदल झाली. जर्मनमध्ये झेड सतत लागतो, वाय क्वचित. संगणकाच्या बाजूने निर्णायक ठरलं ते १९८०चं दशक. अमेरिकेसाठी १०१ आणि युरोपसाठी १०२ कळांचे कीबोर्ड त्याच दशकात आले. आजचे दोन्ही सांगाडे तिथले. जर्मन एर्गोनॉमिक्स नियमांनी कळांच्या मधल्या ओळीची उंची ३० मिलीमीटरवर आणली, आणि त्या मर्यादेत बसेल असा बुटका स्विच बव्हेरियातल्या एका उत्पादकाने काढला. अधिक चिन्हासारखा दांडा असलेला तोच एमएक्स स्विच. पेटंटचं संरक्षण सरल्यावर २०१०च्या दशकात चिनी कारखान्यांनी त्याच मापाचे स्विच काढले आणि आजचा छंद उभा राहिला. या छंदाचा गाभा जर्मन आहे, हे विसरलं जातं.

सोल्डरिंगचे बोर्ड होते तोवर जर्मन मांडणीचं फारसं अडत नव्हतं. पीसीबीवर दोन्ही रचनांची भोकं एकमेकांत गुंफून पाडता येत. हवी ती निवडायची, डाख द्यायचा, झालं. मग हॉट-स्वॅप सॉकेट आले आणि स्विच नुसता दाबून बसवायची सोय झाली. सॉकेटला मात्र भोकापेक्षा बरीच जास्त जागा लागते. दोन्ही रचनांच्या डाव्या शिफ्टच्या केंद्रांत अंतर अर्ध्या युनिटचं, म्हणजे जेमतेम साडेनऊ मिलीमीटर. तिथे दोन सॉकेट शेजारी बसत नाहीत. एंटरच्या कोपऱ्यातही तीच दाटी. सॉकेट फिरवून मार्ग काढणारे बोर्ड आहेत, पण थोडे. त्यामुळे उत्पादकांना एकच रचना निवडणं किंवा दोन वेगळे पीसीबी काढणं भाग पडलं, आणि बहुतेकांनी आधी अँसी काढला.

मागणी कमी, हे कारण नेहमी दिलं जातं. ते पूर्ण खोटं नाही. पण आयएसओ बोर्ड महिनोन्‌महिने उशिरा येतो, तोवर अनेक जर्मन ग्राहक कंटाळून अँसी घेतात, आणि मग त्याच विक्रीचा आकडा मागणी नसल्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. हे बरोबर नाही.

कीकॅपचीही तीच तऱ्हा. दोन रंगांचं प्लास्टिक एकात एक ओतून केलेल्या, खुणा कधीच न पुसल्या जाणाऱ्या कीकॅपचा सर्वांत मान असलेला कारखाना बव्हेरियातच आहे. तिथे त्याच जुन्या स्विच उत्पादकाचे साचे वापरले जातात. तरी तिथे बनणाऱ्या संचांचा मूळ डबा अमेरिकी असतो. जर्मन अक्षरं नॉर्डिक आणि ब्रिटिश कीकॅपसह एका जादा डब्यात, वेगळ्या किमतीला. ग्रुप बायमध्ये (आधी मागणी गोळा करून केलेल्या सामूहिक खरेदीत) त्या डब्याची ठरावीक किमान मागणी भरली नाही, तर तो बनतच नाही. जर्मनीत ओतलेल्या प्लास्टिकवर जर्मन अक्षर मिळवायला जगभरातून ग्राहक गोळा करावे लागतात. पीबीटी या प्लास्टिकवर रंग जिरवून छापलेले संच वाढले तसा हा प्रश्न थोडा हलका झाला, कारण तिथे नव्या अक्षरासाठी नवा साचा लागत नाही.

दरम्यान मानकही बदललं. डीआयएन २१३७ च्या २०१२ च्या आवृत्तीत टी१, टी२, टी३ अशा तीन मांडण्या होत्या. नेहमीची ती टी१. २०१७ मध्ये मोठ्या लिपीतल्या एस्त्सेटला (ß चं मोठं रूप, ẞ) जर्मन लेखननियमांत अधिकृत जागा मिळाली. २०१८ च्या आवृत्तीने टी२ आणि टी३ बाजूला ठेवून ई१ आणि ई२ आणल्या, आणि त्यांत त्या अक्षरासह इतर भाषांच्या कितीतरी खुणांची सोय केली. दुकानात मिळणाऱ्या कीकॅप अजून टी१च्याच असतात. ई१ हवी असेल तर तशी मांडणी संगणकावर बसवायची आणि आल्ट-जीआर (उजवी आल्ट कळ) धरून येणाऱ्या खुणांच्या जागा पाठ करायच्या.