बॅटरी उतरली की सेल्फ गेला?

चावी फिरवली आणि इंजिन हललंच नाही, की बहुतेक जण बॅटरीवर खापर फोडून मोकळे होतात. पण स्टार्टर मोटर, म्हणजे सेल्फ बिघडला तरी गाडी तश्शीच रुसते.

आधी हेडलाइट लावून सेल्फ मारा. 'कट-कट-कट' असा भराभर आवाज येऊन दिवे मिणमिणले, तर करंट पुरत नाहीये. सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) कॉन्टॅक्ट जोडतो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. व्होल्टेज सावरलं की पुन्हा जोडतो. बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल, पांढरं-हिरवं चढलेलं.

एकच ठसठशीत 'टक' आणि दिवे जसेच्या तसे, तर संशय सेल्फवर: सोलेनॉइड हलला, पण त्याचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा मोटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत. सेल्फच्या बॉडीवर हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू झाली तर बहुधा ब्रशच. ही युक्ती गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतीच. 'टक' एकच, पण दिवे एकदम मंद झाले, तर निकाल लगेच देऊ नका: बॅटरी कमजोर असेल, सेल्फ जाम असेल, क्वचित इंजिनही.

आता मल्टिमीटर. काही तास उभ्या गाडीची चार्ज बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.0 च्या आसपास असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढे. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाऊ नये. खरी फसगत इथेच होते: जाम झालेला सेल्फ इतका करंट ओढतो की चांगल्या बॅटरीचंही व्होल्टेज पडतं. म्हणून चार्ज केलेल्या बॅटरीची लोड टेस्ट करा, म्हणजे तिच्यावर मुद्दाम भार टाकून व्होल्टेज टिकतं का बघा. त्यात ती पास झाली आणि गाडीवर मात्र व्होल्टेज पडतंय, तर सेल्फ उतरवा.

त्याआधी वायरी तपासा. सेल्फ मारत असताना बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फचा जाड बोल्ट यांत 0.5 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, किंवा निगेटिव्ह खांब आणि इंजिनच्या उघड्या धातूत 0.3 पेक्षा जास्त, तर दोष केबलचा, अर्थिंगचा. मीटरचं टोक खांबावरच टेकवा, क्लँपवर नाही; नाहीतर सैल क्लँप सापडणारच नाही.

जंप देऊन (दुसऱ्या बॅटरीला जोडून) गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी मेली असंही नाही. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट येत नसतील तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, बहुधा नीट चार्ज करत नाहीये.

काहीच आवाज नसेल, तर फ्यूज, रिले, क्लच किंवा न्यूट्रल स्विच बघा. आणि मोटर नुसतीच 'घुर्र' फिरतेय, इंजिन हलत नाही, तर पिनियनचा (सेल्फच्या टोकावरच्या छोट्या गिअरचा) फ्रीव्हील क्लच गेलाय किंवा पिनियन फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मोठ्या चाकाच्या) दात्यांत बसत नाहीये. तिथे बॅटरी बदलून काहीही होणार नाही.