स्केटिंगची संरक्षक साधने

चाकांच्या स्केटवरून किंवा स्केटबोर्डवरून पडल्यास होणारी इजा टाळणारी वा सौम्य करणारी साधने. हेल्मेट, रिस्ट गार्ड, कोपराचे पॅड आणि गुडघ्याचे पॅड असा त्यांचा रूढ संच आहे. युरोपात हेल्मेटसाठी ईएन १०७८ आणि मनगट, कोपर व गुडघ्याच्या साधनांसाठी ईएन १४१२० ही मानके लागू आहेत.

तोल गेला की माणूस आपसूक हात पुढे टेकतो. सारा भार तळहातावर येतो, मनगट मागे मुडपते आणि तिथले हाड मोडते. रिस्ट गार्डमधील टणक पट्टी हे मुडपणे रोखते. ती गुळगुळीत असल्याने हात जमिनीला अडकण्याऐवजी पुढे घसरतो. अमेरिकेतील इनलाइन (एका ओळीत चाके असलेले स्केट वापरणाऱ्या) स्केटरांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या इजेचा धोका सुमारे दसपट आढळला. तरी ही वस्तू अनेकदा पिशवीतच राहते.

कोपर व गुडघ्याच्या पॅडवरील प्लास्टिकचे टोपणही घसरण्यासाठीच असते. व्हॉलीबॉलचे नुसते कापडी पॅड खरबरीत काँक्रीटवर अडकतात. पॅड बांधून उकिडवे बसावे, मग हाताने खाली ओढून पाहावे. जागा सोडली तर माप चुकले. ‘पुढच्या वर्षीही येईल’ म्हणून एक माप मोठे घेणे फ्रॉकला चालते, इथे नाही.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे, आडवे सरळ बसावे. स्केटर मागेही पडतो, म्हणून ते डोक्याच्या मागच्या बाजूला खालपर्यंत उतरलेले हवे. आतला थर्माकोलसारखा थर स्वतः चेपून आघात शोषतो आणि पुन्हा फुगत नाही. अशा हेल्मेटला एकदा जोराचा मार बसला, की वरून तडा दिसत नसला तरी ते बाद धरावे. काही स्केट हेल्मेटांत अनेक लहान धक्के सोसणारा मऊ फोम असतो. खरेदीपूर्वी लेबल वाचावे.

हेल्मेट उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि थिनर वा पेट्रोलने पुसू नये. कवच व फोम दोन्ही खराब होतात. घामेजलेले पॅड बंद पिशवीत कुबट होतात, पावसाळ्यात तर त्यांवर बुरशीही धरते. सौम्य साबणाच्या पाण्यात हाताने धुऊन ते सावलीत वाळवावेत. धुण्याआधी वेल्क्रो मिटवावे, नाहीतर त्यात धागे गुंततात. गुंतलेच तर जुन्या टूथब्रशने निघतात.