खानदेशातील कौटुंबिक दावे आणि विधिसाहाय्य

खानदेशातील कौटुंबिक दावे आणि विधिसाहाय्य : जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा आणि सासरी राहण्याचा हक्क यांसाठी कोर्टात दाद मागण्याची पद्धत व त्यासाठी मिळणारी कायदेशीर मदत. कायदे देशभर लागू असलेलेच आहेत. पण शेतीवर चालणारी एकत्र कुटुंबे, सुरतेकडे झालेले स्थलांतर आणि सातपुड्यातील आदिवासींच्या रूढी यांमुळे इथल्या दाव्यांना स्वतःचे वळण आहे.

वकिलाकडे आलेली बाई पुष्कळदा घटस्फोट मागतच नसते. “माले नांदनं शे, पन त्या माले घरमा लेतस नही” (मला नांदायचे आहे, पण ते मला घरात घेत नाहीत), एवढेच तिचे म्हणणे असते. अशा वेळी घाईने घटस्फोटाचा अर्ज टाकला, तर तिला जे हवे होते तेच हातचे जाते. तिच्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा पहिला मार्ग. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे एकाच अर्जात संरक्षण, निवास, खर्च व मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. घर सासऱ्याच्या नावावर आहे, सुनेचा काय संबंध, हा युक्तिवाद नेहमीचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सतीशचंदर आहुजा खटल्यात तो सरसकट मान्य करण्यास नकार दिला. सून जिथे नांदली ते घर सासऱ्याच्या मालकीचे असले, तरी तिला तिथे निवासाचा हक्क सांगता येतो. जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी हा अर्ज तयार करायला मदत करतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

पोटगीचा स्वतंत्र अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. १ जुलै २०२४ पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ म्हणून ओळखली जाई, आणि कोर्टाच्या आवारात अजूनही ‘एकशेपंचवीस’ असेच म्हणतात. ते सर्व धर्मांच्या पत्नींना लागू आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही त्याखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. हुकूम होऊनही नवऱ्याने पैसे भरले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. “देईल, देईल” म्हणून वाट पाहत राहिलेल्या बायकांची जुनी थकबाकी या मुदतीपायी बुडते. हे त्यांना हुकुमाच्या दिवशीच सांगितले गेले पाहिजे.

खरी झुंज असते ती उत्पन्न सिद्ध करण्याची. नोकरदाराचे पगारपत्रक मागवता येते. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराचे किंवा शिरपूरकडच्या कापूस पिकवणाऱ्याचे काय करायचे? “मी बापाच्या शेतात मजुरी करतो” असे तो शपथेवर सांगतो. त्यावर उपाय तलाठ्याच्या दप्तरात आहे. ८-अ च्या उताऱ्यावरून खातेदाराच्या नावे गावात एकूण किती जमीन आहे ते कळते, सातबाऱ्यावरून इतर हक्क आणि बोजा, तर गाव नमुना १२ मधील पीकपाहणीवरून कोणत्या हंगामात काय पीक होते ते. विहीर, बोअर किंवा पाइपलाइनची नोंद असेल तर शेत कोरडवाहू असल्याचा बचाव टिकत नाही. उतारा सासऱ्याच्या नावावर असला, तरी जमीन वडिलोपार्जित असल्यास हिंदू एकत्र कुटुंबात मुलाचा जन्मतः हिस्सा असतो, हे कोर्टापुढे मांडता येते. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावेच लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून हे उतारे पहिल्या तारखेलाच जोडावेत.

मोफत वकिलाची सोय विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मधून आली. कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. बागायतदाराच्या मुलीलाही हा हक्क आहे, पण माहेर खाऊनपिऊन सुखी असले की “आपल्याला कोण देईल” म्हणून ती विचारतच नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. साध्या कागदावर मराठीत अर्ज केला तरी चालतो. लिहिता येत नसेल तर विधी स्वयंसेवक लिहून देतात. देशभरासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. नेमून दिलेल्या वकिलाची फी प्राधिकरण भरते; त्याने पक्षकाराकडे पैसे मागितले तर सचिवांकडे तक्रार करावी. शिवाय १ ऑक्टोबर १९९४ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादांत महाराष्ट्रातील स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे.

खानदेशातील असंख्य कुटुंबांचा एक पाय सुरत-उधन्यात असतो. लग्न धुळ्याला, संसार सुरतेला, आणि भांडण झाले की मुलगी माहेरी, असा क्रम ठरलेला. मग एक दिवस टपालाने गुजरातीतली नोटीस येते. ती वाचता आली नाही म्हणून बाजूला ठेवली, की तिकडे एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्याची मुदत ३० दिवसांची. समन्स नीट बजावलेच नसेल तर ही मुदत माहिती मिळाल्यापासून मोजतात. दावा गुजरातेतून महाराष्ट्रात वर्ग करून घ्यायचा असेल, तर अर्ज सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो, आणि त्यासाठीही विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळतो. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे आपला दावा आपल्या गावी आधी दाखल करणे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ मधील २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो.

सोडचिठ्ठीच्या कागदाने मात्र फार नुकसान केले आहे. पंच बसवून, स्टँपपेपरवर दोघांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून ‘फारकत’ झाली असे समजतात आणि दुसरे लग्न लावतात. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २९(२) ने रूढीप्रमाणे होणारी फारकत राखून ठेवली आहे हे खरे. पण तशी रूढी त्या समाजात प्राचीन व अखंड आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते झाले नाही तर पहिले लग्न कायम राहते आणि दुसऱ्या बायकोला कायदेशीर पत्नीचा दर्जा मिळत नाही. पंचांनी निवाडा न मानणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकल्यास तो २०१७ पासून अमलात असलेल्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे.

भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या अनुसूचित जमातींना हिंदू विवाह अधिनियम कलम २(२) मुळे लागूच नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे काडीमोड पंचांसमोर, देज (लग्नात मुलीच्या घरच्यांना दिलेली रक्कम) परत करण्याच्या व्यवहारासह होतो. अशा जोडप्यासाठी त्या कायद्याखाली घटस्फोटाचा अर्ज लिहिणे व्यर्थ आहे. रूढीने झालेली फारकत जाहीर करून मागण्याचा दावा हा त्यांचा मार्ग. पोटगी आणि हिंसाचाराचे कायदे त्यांनाही लागू आहेत, आणि पंचांनी काडीमोड केल्यावर पोटगीचा हक्क संपला ही समजूत चुकीची आहे.

हिंदू विवाह अधिनियम लागू असलेले दोघे घटस्फोटाला राजी असतील तर त्याचे कलम १३-ब पुरेसे आहे. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर कोर्ट ही मुदत माफ करू शकते. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे राहतो.

कौटुंबिक न्यायालय नाही तिथे घटस्फोटाचे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात व त्यांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील होते. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचे अपील तिन्ही जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाते. हुकूमनामा हाती आला तरी अपिलाची मुदत उलटेपर्यंत, आणि अपील झाले असल्यास ते फेटाळले जाईपर्यंत, हिंदू विवाह अधिनियमाखाली घटस्फोट झालेल्या दोघांनाही पुन्हा लग्न करता येत नाही.