जाळी ठिणगी अडवते, विषारी वायू नाही

पुण्यात थंडी पडली की एक समज हमखास ऐकू येतो: शेगडीपुढे बारीक जाळी लावली, धूर थांबून निखारे लाल झाले, की दारं-खिडक्या लावून झोपायला हरकत नाही. हरकत आहे, आणि ती जिवावरची आहे. जाळी फक्त ठिणगी अडवते. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तिच्यातून सहज बाहेर येतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं. झोपलेल्याला तेही कळत नाही. सोसायटीच्या वॉचमनला केबिनमध्ये कोळसा नको, जाड रजई द्या.

धुराडं असलेल्या फायरप्लेसला मात्र जाळी जरूर घ्या: धातूची, जड, तोंडापेक्षा रुंद. घरात लहान मुलं असतील तर भिंतीला पक्की बसवलेली आणि आगीपासून लांब, कारण जाळीही तापते.