नायट्रिक ऑक्साइड आणि मानवी मॅक्रोफेज : वादाची पार्श्वभूमी

माणसाच्या मॅक्रोफेज पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, नायट्रिक ऑक्साइड या वायूने जंतू मारतात का, हा जुना वाद आहे. माणूस आहारातून घेतो त्यापेक्षा अधिक नायट्रेट शरीराबाहेर टाकतो, हे १९१६ मध्येच नोंदले गेले होते; मात्र हे जादा नायट्रेट संसर्गाच्या वेळी आणखी वाढते, हे १९८०च्या दशकारंभी ताप आणि जुलाब झालेल्या एका व्यक्तीच्या मूत्रतपासणीतून लक्षात आले. १९८५ मध्ये ते उंदराच्या मॅक्रोफेज पेशींतून येत असल्याचे दिसले, दोनच वर्षांत त्यासाठी आर्जिनिन हे अमिनो आम्ल लागते हे कळले आणि १९८८ पर्यंत मूळ पदार्थ नायट्रिक ऑक्साइड असल्याचे ठरले. १९९८चे नोबेल याच रेणूच्या रक्तवाहिन्यांवरील कार्यासाठी दिले गेले. प्रतिकारशक्तीच्या बाजूने झालेले तितकेच मोलाचे काम त्यात मागे राहिले.

जंतूंची लोह-गंधकयुक्त विकरे निकामी करणारा आणि सुपरऑक्साइडशी संयोग होऊन अधिक दाहक पेरॉक्सिनायट्राइट बनवणारा हा रेणू उंदरांत निर्णायक ठरतो, याबद्दल फारसा वाद उरला नाही. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एनओएस-२ या विकराचे जनुक काढून टाकलेले उंदीर १९९५ मध्ये लिश्मेनिया या परजीवीपुढे आणि १९९७ मध्ये क्षयजंतूंपुढे हतबल झाले.

खरा पेच माणसाचा होता. ज्यांपासून मॅक्रोफेज बनतात त्या रक्तातील मोनोसाइट पेशी काचपात्रात वाढवून त्यांना चेतवण्यासाठी इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन आणि जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हे विष दिले, तरी उंदराच्या पेशींच्या मानाने नायट्रिक ऑक्साइडची खूण असलेले नायट्राइट जेमतेम सापडे, आणि त्यावरून मानवी मॅक्रोफेज हे अस्त्र वापरतच नाहीत, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा होता, कारण काचपात्रातील मोनोसाइट म्हणजे ऊतीत मुरलेला मॅक्रोफेज नव्हे. १९९६ मध्ये क्षयरुग्णांच्या फुप्फुसांतून धुऊन काढलेल्या मॅक्रोफेजमध्ये एनओएस-२ आढळले, आणि त्याच वर्षी टांझानियातील मुलांच्या अभ्यासात मलेरिया जितका तीव्र, तितके नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण कमी दिसले. तरीही अशा नोंदींतून विकराचे अस्तित्व किंवा परस्परसंबंध दिसतो, जंतू त्यानेच मरतात हे सिद्ध होत नाही, हा विरोधकांचा आक्षेप रास्तच होता.

दरम्यान, सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे तीव्र जंतुसंसर्गाने येणाऱ्या जीवघेण्या अवस्थेत, याच वायूमुळे रक्तदाब कोसळतो, या समजुतीने त्याची निर्मिती रोखणारे औषध रुग्णांना देऊन पाहिले गेले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध मिळालेल्या गटात ५९ टक्के, तर दुसऱ्या गटात ४९ टक्के रुग्ण दगावले.

२०२० मध्ये एनओएस-२ जन्मतःच निकामी असलेल्या एका इराणी पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. वयाच्या ५१व्या वर्षापर्यंत तो निरोगी होता, इतर जंतूंशी त्याच्या शरीराने या विकराविना निभावून नेले होते; त्याचा बळी घेतला तो क्षयाने नव्हे, तर सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूने.