एसी थंड करेना: सर्व्हिसिंग हवी की गॅस?

मार्च संपत आला की घरोघरी एकच निदान ऐकू येतं: "कूलिंग कमी झालंय, गॅस संपला असेल." मेकॅनिक येतो, दाब मोजायचा गेज लावतो, "कमी आहे" म्हणतो, भरतो आणि जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सर्व्हिसिंग आणि गॅस भरणं ही दोन वेगळ्या बिघाडांवरची दोन वेगळी कामं आहेत. एकाच्या जागी दुसरं केलं तर पैसे वाया जातात, आणि पुढे कॉम्प्रेसरही जाऊ शकतो.

सर्व्हिसिंग बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. एमसीबी पाडून इनडोअरमधली हवा गाळणारी जाळी काढायची, साध्या पाण्यानं धुवायची, सावलीत वाळवायची. एसी रोज चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, मेकॅनिककडून इनडोअरची कॉइल, ब्लोअर, ड्रेन ट्रे, ड्रेन पाइप आणि आउटडोअरची कॉइल साफ करून घ्यायची. पाण्याचा फवारा कॉइलच्या पातळ पट्ट्यांना समांतर हवा, आडवा मारला की त्या वाकून हवेची वाट बंद होते. नुसती जाळी धुऊन सर्व्हिसिंगचे पैसे घेणं आम्हाला अजिबात मान्य नाही. कुबट वास आणि हवेच्या तोंडाशी दिसणारे काळे ठिपके ब्लोअरवरच्या आणि ट्रेमधल्या बुरशीचे असतात, आणि तीच हवा रात्रभर मुलांच्या नाकात जाते. इनडोअरमधून पाणी टपकणं हा बहुतेक वेळा तुंबलेल्या ड्रेन पाइपचा दोष असतो.

आता गॅस. एसीतला गॅस खर्च होत नाही. कॉम्प्रेसर, आउटडोअर कॉइल, कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (दाब उतरवणारी बारीक नळी किंवा झडप), इनडोअर कॉइल आणि परत कॉम्प्रेसर अशा बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. घरातला फ्रिज याच तत्त्वावर चालतो, आणि त्यात कुणी दर उन्हाळ्यात गॅस भरत नाही. त्यामुळे "दरवर्षी थोडा उडतोच" हे खरं नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे.

मग गेजचा काटा कमी का दाखवतो? खरा घोटाळा इथे आहे. गेज लागतो जाड नळीच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे परतीच्या बाजूला. तिथला दाब गॅस किती आहे यावर जसा अवलंबून असतो, तसाच इनडोअर कॉइलला खोलीतून किती उष्णता मिळते यावरही. जाळी आणि कॉइल धुळीनं भरली की हवा कमी वाहते, आतला द्रव (दाबाखाली द्रव झालेला हाच गॅस) पुरेसा उकळत नाही आणि दाब पडतो. चालू एसीत हा दाब गॅसच्या प्रकारानुसार बदलतो: आर-२२ला साधारण ६० ते ७० पीएसआय (दाबाचं एकक), तर आर-४१०ए आणि आर-३२ला ११० ते १३०च्या आसपास असतो. मळलेल्या कॉइलमुळे हाच आकडा गॅस पूर्ण असतानाही बराच खाली येतो. कॉइलवर बर्फही दोन्ही बिघाडांत धरतो, म्हणून बर्फ दिसला की गॅस कमी हा निष्कर्षही चुकीचा.

अशा मळलेल्या एसीत गॅस सोडला की काटा वर चढतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पुढे कधीतरी जाळी धुतली जाते, हवा नीट वाहू लागते, आणि आता गॅस गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. आउटडोअरचा दाब आणि करंट वाढतो, न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये परत जाऊ लागतो, आणि मे महिन्याच्या दुपारी एसी ट्रिप होतो. उलट आउटडोअरची कॉइल मळलेली असेल तर दाब मुळात चढतो आणि खरी गळतीही झाकली जाते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी दोन्ही कॉइल स्वच्छ, मग गेज.

फरक ओळखायला आउटडोअरला जोडलेल्या दोन तांब्याच्या नळ्या पाहा. १६ अंशांवर, दारं-खिडक्या लावून, पंखा पूर्ण वेगात ठेवून वीस मिनिटं चालवा. बारीक नळीच्या नटाशी बर्फ आणि जाड नळी कोमट किंवा कोरडी असेल तर गॅस कमी असल्याचा संशय रास्त आहे. आतही कॉइलचा सुरुवातीचा तुकडाच गोठलेला दिसतो, बाकीची कॉइल कोरडी. पण कॉइल सगळीकडे गोठलेली आणि बर्फ जाड नळीवरही आला असेल तर हवा अडते आहे, म्हणजे जाळी, ब्लोअर किंवा पंख्याची मोटर तपासायची. तब्येत ठीक असलेल्या एसीत जाड नळी गार आणि घामेजलेली असते. जोडीला एक साधा थर्मामीटर ठेवा. एसीत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत साधारण ८ ते १२ अंश फरक हवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो कमी भरतो, कारण बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते.

बंद एसीवर मोजलेल्या स्टँडिंग प्रेशरवरून "गॅस फुल आहे" असंही सांगितलं जातं. आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत हा दाब फक्त तापमानावर ठरतो. ३५ अंशांना आर-३२चा तो ३०० पीएसआयच्या आसपास असतो, मग गॅस पूर्ण असो वा निम्मा. फारच कमी आला तरच तो काही सांगतो, म्हणजे आत जवळपास काही उरलेलं नाही. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे चालू दाबावरही एकट्यानं भरवसा ठेवू नका.

गळती ठरलीच, तर "टॉप-अप" नको. आधी नायट्रोजनचा दाब देऊन फ्लेअर नट (नळ्या जोडणारे नट), व्हॉल्व्ह आणि कॉइलची वळणं साबणाच्या पाण्यानं तपासायची. नायट्रोजनच, ऑक्सिजन कधीही नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखाली ऑक्सिजनची गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. गळती बुजवल्यावर नळ्यांतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास, ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली, आणि पंप बंद करून व्हॅक्यूम टिकतो का ते पाहायचं. मग वजनकाट्यावर मोजून गॅस. किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. नळ्या लांब असतील तर जास्तीचे किती, ते कंपनीच्या पुस्तिकेत. आर-४१०ए हे दोन गॅसांचं मिश्रण आहे, ते सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावं लागतं.

पंप न आणता थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढण्याची पद्धत सर्रास चालते. ती थांबवा. नळ्यांत ओल राहिली की तेलाचं आम्ल होतं, आणि राहिलेली हवा दाब चढवते. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन. गॅस आत असताना नळीला ब्रेझिंगची (नळ्या जोडायची) ज्योत लावायची नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या, जवळ देवाचा दिवा किंवा सिगारेट नको. आर-३२च्या यंत्रात दुसरा कुठलाही गॅस भरू देऊ नका, सिलिंडरवरचं नाव स्वतः वाचा.

पावतीवर दोन गोष्टी लिहून घ्या: गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम भरले. "गॅस चार्जिंग" एवढंच लिहिणाऱ्याला पैसे देण्याआधी हे दोन्ही विचारा. खाडीकाठी किंवा सांडपाण्याच्या नाल्याजवळ घर असेल तर इनडोअर कॉइलचं तांबं हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी झिजतं आणि एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं. अशा कॉइलला दुसऱ्यांदा जोड देऊ नये, ती बदलावी, आणि बदलताना वॉरंटीत बसते का ते आधी पाहावं.